यिन, यांग आणि आपले डॉ. कोटणीस



चिनी वैद्यक म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक सुया आणि दुसरे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. गंमत अशी, की या दोहोंचा तसा थेट संबंध नाही. आपले सोलापूरचे कोटणीस शल्यविशारद. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले, चाकू-चिमट्यांत वावरणारे आधुनिक डॉक्टर. सुयांची विद्या शिकायला काही ते चीनला गेले नव्हते. तरी लुधियानापासून कोलकात्यापर्यंत सुयांच्या उपचाराला आज त्यांचेच नाव जोडलेले आहे. हे कसे झाले असेल?

हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. त्यात आमच्या दिव्यात आणि पलीकडे डोंबिवलीत ॲक्युपंक्चर-ॲक्युप्रेशरच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. संध्याकाळी कट्ट्यावर आम्ही म्हातारे जमलो की राजकारणाच्या आधी गुडघ्यांचा विषय निघतो आणि कुणी ना कुणी सांगतोच, “सुयांनी शरीराचा समतोल साधतो म्हणे.” समतोल! शब्द मोठा गोड आहे. पण चिनी लोकांना या शब्दात नेमके काय अभिप्रेत होते, हे कट्ट्यावर कुणालाच सांगता येईना. आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवल्यामुळे मला अशी अर्धवट राहिलेली गोष्ट गप्प बसू देत नाही. मग वाचत गेलो. त्यातले जे पटले आणि जे पटले नाही, ते दोन्ही आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात शब्दांपासून करू. यिन आणि यांग हे शब्द मुळात फार साधे आहेत. यिन म्हणजे डोंगराची सावलीतली बाजू, यांग म्हणजे उन्हातली बाजू. बस्स, एवढेच. आमच्या दिव्याहून पश्चिमेला मुंब्र्याचा डोंगर दिसतो. सकाळी आमच्याकडचा उतार उन्हात न्हालेला असतो आणि दिवस कलला की तोच उतार सावलीत जातो. डोंगर तोच, उतारही तोच. म्हणजे यिन आणि यांग या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत, एकाच वस्तूच्या बदलत जाणाऱ्या दोन अवस्था आहेत. पुढे चिनी विचारवंतांनी रात्र-दिवस, थंड-उष्ण, विश्रांती-हालचाल, आत-बाहेर अशा सगळ्या जोड्या या दोन शब्दांखाली आणल्या. पण मूळ दृष्टांत विसरायचा नाही. दुपारी बारालाच ऊन कायमचे थांबवून ठेवावे, असे कुठल्याही शहाण्या माणसाला वाटणार नाही. चिनी वैद्यकातला समतोल हा असा चालता समतोल आहे. किराणा दुकानातल्या तराजूचा काटा मध्यावर आला की आपण निश्चिंत होतो, तसे इथे नाही. सायकल चालवणाऱ्या मुलाने हँडल क्षणाक्षणाला इकडेतिकडे करत राहावे, तसे आहे. तोल सांभाळणे हे काम कधी संपत नाही.

दुसरी कल्पना ‘ची’ची. ची म्हणजे प्राण म्हणा, वायू म्हणा, शरीरात वाहणारी शक्ती म्हणा. ती ठरावीक मार्गांनी वाहते, कुठे तुंबली किंवा कमी पडली की दुखणे येते आणि सुई टोचून तिला वाट करून देता येते, अशी ही उपपत्ती. या मार्गांना शरीरशास्त्रात पुरावा सापडलेला नाही, हे इथेच सांगून टाकतो. पण एके काळी पाटबंधारे आणि नद्यांच्या पुरावर ज्या देशाचे जगणे-मरणे अवलंबून होते, तिथल्या लोकांना शरीरातही कालवे दिसावेत, यात मला नवल वाटत नाही.

तिसरी कल्पना पाच तत्त्वांची. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. आपल्याला लगेच पंचमहाभूते आठवतात, पण इथे थोडे सावध राहायला हवे. आपली पृथ्वी-आप-तेज-वायू-आकाश ही शरीर ज्याने बनले त्या द्रव्यांची यादी आहे. चिनी पंचकाचा भर एकमेकांशी असलेल्या नात्यावर आहे. लाकडातून आग होते, आगीची राख म्हणजे माती होते, मातीतून धातू निघतो, धातूवर पाणी साठते, पाण्याने झाड वाढते. हे झाले पोषणाचे चक्र. शिवाय एक आवर घालण्याचे चक्रही आहे. पाणी आगीला विझवते, आग धातूला वितळवते, धातू लाकूड कापतो, लाकूड मातीत शिरते, माती पाण्याला बांध घालते. म्हणजे प्रत्येकाला एक पोसणारा आहे आणि एक रोखणारा. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको!

हे सगळे ज्या ग्रंथात मांडले आहे तो ‘हुआंगदी नेजिंग’, म्हणजे पीतसम्राटाच्या नावावर असलेला ग्रंथ, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात संकलित झाला असे मानतात. त्याच्या थोडे आधी चीनमधली लढणारी राज्ये मोडून एक साम्राज्य उभे राहिले होते. ग्रंथाची भाषाही तशीच आहे. त्यात शरीर म्हणजे जणू राज्यकारभार. हृदय राजा, फुप्फुसे प्रधान, यकृत सेनापती, प्लीहा आणि जठर कोठारांचे अधिकारी. मला तर वाचताना अष्टप्रधान मंडळच आठवले. प्रत्येक अधिकाऱ्याने आपले काम करायचे, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करायची नाही आणि खालचे धान्य वर, वरचा हुकूम खाली वेळेवर पोचला पाहिजे. आजार म्हणजे कारभार बिघडणे. यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. समतोलाची ही कल्पना पहिल्यापासूनच एकट्या माणसाची नव्हती. हवामान, शेती, घर, राज्य या सगळ्यांत माणूस गुंतलेला आहे, हे गृहीत धरूनच ती आली. पुढे याच मुद्द्यावर मला परत यायचे आहे.

आपल्या आजीला यातले बरेचसे ओळखीचे वाटले असते. आयुर्वेदात दोष, अग्नी आणि धातू समस्थितीत असणे म्हणजे आरोग्य. तिथे ऋतुचर्या, इथेही ऋतूप्रमाणे वागणे. हिवाळ्यात लवकर झोपावे आणि सूर्य वर आल्यावर उठावे, असे नेजिंग सांगतो. रागाचा संबंध यकृताशी, शोकाचा फुप्फुसांशी, भीतीचा मूत्रपिंडांशी आणि अतिविचाराचा प्लीहेशी लावलेला आहे. दुखणे आल्यावर धावाधाव करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे, हा दृष्टांत तर आपण मराठीत रोज वापरतो. तोच दृष्टांत नेजिंगमध्येही आहे! मला हे वाचून फार आनंद झाला.

खाण्याचेही तसेच. आंबा उष्ण, ताक थंड, पपई गरोदर बाईला नको, सर्दीत केळे नको... हे आपले घरगुती शास्त्र. चिनी घरांतही आले उष्ण, मटण उष्ण, कलिंगड थंड, खेकडा थंड. (खेकडा थंड हे आमच्या आगरी शेजाऱ्यांना सांगितले तर ते मला वाळीत टाकतील. त्यांच्या मते खेकड्याइतके उष्ण काही नाही! दोन थोर परंपरांचे असे एकमत होत नाही, हेही लक्षात ठेवावे.) बाळंतपणाचे पाहा. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने गार पाण्यात हात घालायचा नाही, वाऱ्यात बसायचे नाही. डिंकाचे लाडू, ओवा, बाळंतशेपा, शेक-शेगडी. चीनमध्ये या काळाला ‘महिना बसणे’ असेच म्हणतात. तिथेही गार पाणी नाही, वारा नाही. आले, तीळ आणि गरमागरम सूप. हिमालयाच्या दोन्ही अंगांना सासवा एकाच शाळेत शिकल्या असाव्यात.

पण मंडळी, सारखेपणा पाहून “सगळे मूळ आपलेच” असे म्हणायची आपल्याला खोड आहे. ती इथे आवरावी. या दोन्ही देशांनी एकमेकांकडे पाहिले होते आणि फरकही टिपला होता. ह्यू-एन-त्संग आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतो, पण त्याच्यानंतर आलेला इत्सिंग फारसा कुणाला आठवत नाही. तो ६७१ साली चीनहून निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला आणि ६९५ साली परतला. त्याने आपल्या वैद्यकाबद्दल बारकाईने लिहून ठेवले आहे. भारतात आजाराची चाहूल लागताच लोक आधी उपवास करतात, याचे त्याला मोठे कौतुक वाटले. म्हणजे आपले लंघन. मात्र त्याच दमात तो अभिमानाने सांगतो की सुया, शेक आणि नाडी पाहणे यांत आमच्या चीनच्या तोडीचे कुणी नाही. घ्यायचे ते घ्यावे आणि आपले जे चांगले त्याची लाज बाळगू नये. पाहुणा कसा असावा, तर असा.

घेण्या-देण्याचे आणखी एक उदाहरण आपल्या अगदी दाराशी, गोव्यात घडले. पोर्तुगीज आले तसा त्यांच्या मागोमाग एक नवा गुप्तरोग आला. आपल्या वैद्यांनी त्याला फिरंग रोग असे चपखल नाव दिले. त्यावर औषध म्हणून चीनहून एक मुळी येऊ लागली, ती चोपचिनी. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशीही त्याचा वैद्य म्हणून घरोबा होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने या मुळीवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. त्याच शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातही फिरंग रोग आणि ही परदेशी मुळी दोन्ही येतात. म्हणजे रोग युरोपातून आलेला, मुळी चीनची, जहाज पोर्तुगिजांचे आणि ग्रंथ संस्कृतात! त्या रोगावर खरा इलाज पेनिसिलीनने झाला, तो विसाव्या शतकात. पण नवा रोग आला तेव्हा आपल्या वैद्यांनी दारे लावून घेतली नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्या परंपरेला आपण ‘शुद्ध आणि अनादी’ म्हणतो, ती जिवंत असताना चांगली देवघेव करत होती.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ, कारण चिनी वैद्यकाची खरी परीक्षा तिथे झाली. १९२९ साली चीनच्या राष्ट्रवादी सरकारपुढे जुने वैद्यक हळूहळू बंद करण्याचा ठराव आला. देशाला पुढे जायचे तर यिन-यांग मागे टाकायला हवे, असे नव्या शिकलेल्या डॉक्टरांचे म्हणणे. १७ मार्च १९२९ रोजी शांघायमध्ये जुन्या वैद्यांचा मोठा मेळावा भरला, दवाखाने आणि औषधांची दुकाने बंद ठेवली गेली आणि तो ठराव बारगळला. ज्या विद्येला आज चीन जगभर मिरवतो, ती घरच्याच लोकांकडून मोडीत निघता निघता वाचली होती.

याच ओढाताणीच्या काळात आपले कोटणीस तिथे पोचले. जपानने चीनवर आक्रमण केले होते. सेनापती चू-ते यांनी नेहरूंकडे मदत मागितली. सुभाषबाबू त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. पाच डॉक्टरांचे पथक निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे अठ्ठावीस वर्षांचेही न झालेले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांनी मुंबई सोडली. पुढे एकेक जण परतला. कोटणीस मात्र मागे राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १९३९ च्या नोव्हेंबरात वारले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ साली प्रमुख झाले. चिनी शिकले, चिनीत विद्यार्थ्यांना शिकवले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. (हा ‘यिन’ भारताचा, सावलीतला नव्हे. चिनी लिपीत दोन्ही अक्षरे वेगळी आहेत.) त्यानंतर चारच महिन्यांत, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय अवघे ३२.

समतोलाविषयी लिहिताना या आयुष्यापाशी मी बराच वेळ थांबलो. एका लढाईत सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे त्यांच्याबद्दल सांगतात. झोप नाही, धड अन्न नाही, कडाक्याची थंडी आणि अपस्माराचा त्रास. नेजिंगच्या कुठल्याही वैद्याने त्यांना दटावून अंथरुणावर झोपवले असते. ‘जपून राहा, समतोल ठेवा’ हे सांगणे बरोबर आहेच. पण सभोवार जखमी पडलेले असताना स्वतःपुरता समतोल राखणारा माणूस कोटणीस झाला नसता. आमच्या वेळी व्ही. शांतारामांचा १९४६ चा चित्रपट पाहून बाहेर पडलेली माणसे डोळे पुसत, ती काही त्यांच्या प्रकृतीच्या पथ्याला भुलून नव्हे. एका माणसाचा तोल जातो तेव्हा बरेचदा त्याने दुसऱ्या अनेकांचा भार उचललेला असतो.

कोटणीस गेल्यावर दोनच वर्षांनी, १९४४ मध्ये, येनानला माओंनी नव्या डॉक्टरांना जुन्या वैद्यांबरोबर काम करायला सांगितले. कारण तात्त्विक कमी आणि व्यावहारिक जास्त होते. डॉक्टर मूठभर, औषधे नाहीत, खेड्यांत माणसे मरताहेत आणि सुया मात्र स्वस्त! झू लियान नावाच्या आधुनिक वैद्यक शिकलेल्या डॉक्टरीणबाई येनानच्या त्या दिवसांत सुया शिकल्या आणि १९५१ साली त्यांनी ‘नवे’ ॲक्युपंक्चर सांगणारे पुस्तक लिहिले. पुढे १९५५ साली बीजिंगला संशोधन संस्था निघाली आणि १९५६ साली चार शहरांत महाविद्यालये. शेकडो घराण्यांच्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या विद्या निवडून-पाखडून एका अभ्यासक्रमात बसवल्या गेल्या. आज ‘पाच हजार वर्षांची पारंपरिक चिनी पद्धत’ म्हणून जी पाटी दिसते, तिचे सध्याचे रूप असे बरेचसे १९५० च्या दशकातले आहे. पाठ्यपुस्तक मंडळात काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट चटकन कळेल. मजकूर जुना असला तरी मांडणी नवी असते आणि काय वगळायचे हे कुणीतरी बसून ठरवलेले असते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. पथकातले डॉ. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुयांचा उपचार शिकले आणि कोलकात्याला येऊन तो करू लागले. भारतात ही विद्या अशी आली. आपल्या न परतलेल्या मित्राच्या स्मरणार्थ काढलेल्या समितीतून त्यांनी ती पसरवली, म्हणून सुयांना कोटणिसांचे नाव. शिकून आला बंगाली मित्र आणि नाव दिले सोलापूरच्या दोस्ताचे! १९९६ साली पश्चिम बंगालने या उपचारपद्धतीचा कायदा केला. आपल्या महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा कट्ट्यावरच्या मंडळींनी सुया घेण्याआधी समोरचा माणूस नोंदणीकृत आहे का आणि सुई नवी, निर्जंतुक आहे का, एवढे तरी विचारावे. छातीवर खोल गेलेली सुई फुप्फुसाला इजा करू शकते. हा काही खेळ नाही.

मग गुण येतो का? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्या गटाला भलत्याच जागी वरवर सुया आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्क्यांना आराम, दुसऱ्यात ४४.२ टक्क्यांना आणि तिसऱ्यात २७.४ टक्क्यांना. काय म्हणायचे यावर? सुया लावलेल्यांना फायदा झाला हे खरे, पण बिंदू बरोबर की चूक याने फारसा फरक पडला नाही, हेही खरे. माझा स्वतःचा तर्क असा, की कुणीतरी अर्धा तास शांतपणे आपल्यापाशी बसले, जीभ पाहिली, नाडी पाहिली, झोप कशी, तहान कशी, घाम किती येतो, मन कशात अडकले आहे हे विचारले, यातही मोठा उपचार आहे. गर्दीच्या ओपीडीत दीड मिनिट मिळणाऱ्या माणसाला ते पूर्वी कुणी विचारलेलेच नसते.

वनस्पतींचा हिशोब वेगळा. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवण्याच्या औषधात एक चिनी वनस्पती चुकून मिसळली गेली आणि शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. उलट बाजूला तू यूयू या चिनी संशोधक बाईंचे उदाहरण. मलेरियावर औषध शोधताना त्यांनी चौथ्या शतकातल्या गे होंग याची जुनी पोथी वाचली. त्यात वनस्पती उकळायला नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यावरून उष्णतेने औषधाचा गुण जात असावा, हे बाईंनी ताडले आणि कमी उष्णतेवर अर्क काढला. तोच पुढे आर्टेमिसिनिन. त्यांना २०१५ साली नोबेल मिळाले. पण त्यांनी पोथीला नुसता नमस्कार केला नाही. अर्क प्राण्यांवर तपासला, स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. आपण जोतिबाला वाहतो तो दवणा, चिनी वैद्य शेकासाठी जाळतात ती वनस्पती आणि ही मलेरियावरची, तिघी एकाच आर्टेमिसिया जातकुळीतल्या. फाल्सिपेरम मलेरियावर आज आपल्या सरकारी दवाखान्यातही आर्टेमिसिनिनचीच औषधे देतात. आमच्या खाडीकाठच्या डासांच्या राज्यात याचे मोल कळते.

हे सगळे लिहावेसे वाटले त्याला एक कारण घडले. आमच्या शेजारच्या वहिनी गुडघ्यासाठी सुया घेतात. आराम वाटतो म्हणतात, छानच आहे. परवा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “सर, आता शरीराचा बॅलन्स आला म्हणे. मग बीपीची गोळी बंद केली तर चालेल ना? तिथे कुणीतरी तसं म्हणालं.” मी म्हटले, “वहिनी, गुडघ्याचा आराम गुडघ्यापाशी राहू द्या. गोळी ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा सोडायची नाही.” त्या हसल्या, पण त्याच संध्याकाळी मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आल्या. गोळी चालू आहे, सुयाही चालू आहेत. बीजिंगला १९७१ साली जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराचे अपेंडिक्स काढले, त्याची कथा जगभर ‘सुयांवर ऑपरेशन’ अशी पसरली. प्रत्यक्षात ऑपरेशन नेहमीचे इंजेक्शन देऊनच झाले होते आणि सुया नंतरच्या पोटदुखीवर लावल्या होत्या. खुद्द चीनमध्ये दोन्ही गोष्टी आपापल्या जागी चालतात. मग वहिनींनी एकीसाठी दुसरी का सोडावी?

आणि आता तो मागे ठेवलेला मुद्दा. आजच्या पाट्यांवरचा समतोल फार एकट्याचा झाला आहे. तुम्ही नीट झोपा, तुम्ही ताण घेऊ नका, तुम्ही ऋतूप्रमाणे वागा. पण दिव्यातल्या माणसाला सूर्य वर आल्यावर उठा, हे कसे सांगायचे? इथली पोरे-बायका अंधारात घर सोडतात आणि रात्री जेवायला घरी पोचतात. जलद लोकल दिव्याला थांबायला लागल्या त्या २०१६ च्या डिसेंबरपासून, तोही बऱ्याच आंदोलनांनंतर. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काही घरांतली कर्ती माणसे गेली. तोल गेला असे आपण सहज म्हणतो. पण त्या माणसांचा तोल त्यांच्या एकट्याच्या हातात होता का? शरीराला राज्यकारभार म्हणणाऱ्या त्या जुन्या ग्रंथाने कोठाराचा अधिकारी चुकला तर हातापायांना दोष दिला नसता.

म्हणून चिनी वैद्यकातले मला एवढेच घ्यावेसे वाटते. समतोल रोज नव्याने सांभाळायचा असतो आणि तो चार जणांनी मिळून सांभाळायचा असतो. घरात एकाने सतत आग व्हायचे आणि दुसऱ्याने सतत पाणी, असे फार दिवस चालत नाही. कुणी पहाटे पाचला उठत असेल तर रात्रीची भांडी दुसऱ्या कुणी घासावी. सुनेला बरे नसेल तर सासऱ्याने कुकर लावावा. (मी लावतो. तीन शिट्ट्या.) यांना सुया लागत नाहीत आणि कसलीही परवानगी लागत नाही.

जाता जाता भाच्या-पुतण्यांना सांगणे, कधी सोलापूरला गेलात तर कोटणिसांचे स्मारक जरूर पाहा. त्यांचे राहते घरच तिथे जपून ठेवले आहे. मुलांनाही न्या. आणि हो, परत येताना गाडीत जागा मिळाली तर झोप काढा.